रेड बॅरनच्या बंदुकीपुढून निसटलेला पोरगा, ज्यानं आर्क्टिकच्या गावात पहिलं विमान-टपाल पोहोचवलं

मंगळावर एक दगड आहे. २००४ मध्ये नासाची ऑपर्च्युनिटी गाडी तिथल्या एन्ड्युरन्स नावाच्या विवरात उतरली, तेव्हा उतारावर हा खडबडीत धोंडा दिसला. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं वॉपमे.

आता हा वॉपमे कोण?

कॅनडातला एक वैमानिक. पूर्ण नाव विल्फ्रिड रीड मे. जन्म २० मार्च १८९६, मॅनिटोबा प्रांतातलं कारबेरी गाव. त्याच्या एका दोन वर्षांच्या चुलत बहिणीला विल्फ्रिड म्हणता यायचं नाही, ती वॉपी म्हणायची. त्याचं झालं वॉप. आपल्याकडं जसं बाळू नाहीतर बंड्या म्हणून पडलेलं नाव माणूस सत्तरीला गेला तरी सुटत नाही, तसंच याचंही झालं. सरकारी बक्षिसं मिळाली, पदकं मिळाली, पण माणूस शेवटपर्यंत वॉपच राहिला.

कॅनडात त्याच्या दोन गोष्टी फेमस आहेत. एक, तो रेड बॅरनच्या हातून वाचला. दोन, त्यानं एका फरार खुन्याचा विमानातून माग काढला. दोन्ही गोष्टींत सिनेमाचा मसाला आहे, म्हणून त्याच जास्त सांगितल्या जातात. पण या माणसानं जे खरं काम केलं ते तुलनेत बोअर वाटेल असं आहे. जिथं रस्ता नाही, रेल्वे नाही, आणि नदी वर्षातले सात-आठ महिने गोठलेली असते, अशा गावांना टपाल, औषधं आणि सामान वेळच्या वेळी पोहोचवणं. थोडक्यात, मालवाहतूक.

पण आधी ती फेमस गोष्ट सांगून टाकू, नाहीतर तुम्ही स्क्रोल करून पुढं जाल.

मे कुटुंब १९०२ मध्ये एडमंटनला आलं. पहिलं महायुद्ध पेटलं तसा वॉप १९१६ मध्ये सैन्यात भरती झाला, इंग्लंडला गेला आणि तिथून विमानदलात घुसला. एप्रिल १९१८ मध्ये त्याची नेमणूक फ्रान्समधल्या २०९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये झाली. तिथं त्याचा वरिष्ठ निघाला रॉय ब्राऊन, एडमंटनच्या शाळेतला जुना दोस्त.

२१ एप्रिलला ब्राऊननं नवख्या वॉपला सांगून ठेवलं होतं की लढाई सुरू झाली तर लांब राहायचं, वरून बघायचं. पण बावीस वर्षांचं पोरगं ते. समोर एक जर्मन विमान दिसलं आणि यानं झडप घातली. ते विमान होतं रेड बॅरनच्या चुलत भावाचं. रेड बॅरन म्हणजे मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन, ज्याच्या नावावर तोवर ८० विमानं पाडल्याची नोंद होती. ऐन वेळी वॉपच्या बंदुका अडकल्या. तो पळाला, सॉम नदीच्या काठानं अगदी खालून. मागं लागला खुद्द बॅरन. वॉपला उडवायचा धड अनुभव नव्हता, त्यामुळं त्याचं विमान कसंही वेडंवाकडं पळत होतं आणि नेमका त्याचाच फायदा झाला असं म्हणतात. वरून ब्राऊन मदतीला झेपावला, खालून ऑस्ट्रेलियन सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि बॅरन मेला. गोळी कुणाची, यावर आजही वाद आहे. बहुतेक अभ्यासकांचा कल जमिनीवरच्या ऑस्ट्रेलियनांकडं आहे.

वॉप मात्र बॅरनचा ८१ वा बळी होता होता राहिला. पुढं युद्ध संपेपर्यंत त्याच्या स्वतःच्या खात्यात १३ विमानं जमा झाली आणि शौर्याचं पदकही मिळालं.

विषय कट. आता युद्ध संपलंय, १९१९ साल आहे, आणि हजारो वैमानिक बेकार झालेत.

वॉपनं भाऊ कोर्टसोबत मे एअरप्लेन्स नावाची कंपनी काढली. एडमंटन शहराला भेट मिळालेलं एक कर्टिस विमान भाड्यानं घेतलं. जत्रेत कसरती करायच्या, हौशी लोकांना आकाशात चक्कर मारून आणायची, त्यावर पोट भरायचं. पण कॅनडाच्या गोठलेल्या मैदानात जत्रा किती दिवस चालणार? लोकांची हौस फिटली, पैसे आटले आणि कंपनी बंद पडली.

या काळातली एक गोष्ट मात्र पुढच्या सगळ्याचं मूळ आहे. १९२० मध्ये उत्तरेत, मॅकेंझी नदीच्या काठी नॉर्मन वेल्सला तेल सापडलं. इम्पिरियल ऑइल कंपनीनं तिथं जायला धातूची दोन युंकर्स विमानं घेतली. ती न्यूयॉर्कहून एडमंटनला उडवत आणायचं काम वॉप आणि जॉर्ज गॉर्मन यांनी केलं. १९२१ च्या मार्चमध्ये ती विमानं उत्तरेकडं निघाली. त्या फेरीत वॉप नव्हता. फोर्ट सिम्पसनला उतरताना पंखे मोडले. हजार किलोमीटरमध्ये दुसरा पंखा नाही. मग तिथल्या सुतारानं आणि मेकॅनिकनं मिळून बर्फगाडीच्या ओकच्या फळ्या घेतल्या, मूस नावाच्या प्राण्याच्या कातड्यापासून केलेल्या सरसानं त्या चिकटवल्या आणि हातानं पंखा कोरला. आणि विमान त्या पंख्यावर उडालं सुद्धा! जुगाड फक्त आपल्याकडंच होतो असं वाटत असेल तर हे वाचून घ्या.

विमान तिथं पोहोचू शकतं हे त्यातून कळलं. पण ठरलेल्या दिवशी, सामान घेऊन, परत परत पोहोचणं ही वेगळीच गोष्ट होती.

ते समजून घ्यायचं असेल तर नकाशा उघडा. एडमंटनपासून रेल्वे उत्तरेला फोर्ट मॅकमरेपर्यंत जायची आणि संपायची. तिथून पुढं नद्यांची साखळी थेट आर्क्टिक महासागरापर्यंत. तिच्या काठानं डेने, ग्विचिन आणि मुखाजवळ इनुव्हियालुईट लोकांची वस्ती. गावागणिक हडसन्स बे कंपनीचं एखादं दुकान, एक-दोन चर्च, कुठं पोलीस चौकी. उन्हाळ्यात आगबोट यायची. हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाड्या. टपाल वर्षातून मोजक्याच वेळा. कातड्याचे भाव पडले हे फासे लावणाऱ्याला कळायला महिने जायचे, आणि मुलगा गेला हे आईला कळायलाही तेवढेच.

आणि ती आगबोट नुसतं पीठ आणि चहा आणायची असं नाही. १९२८ च्या उन्हाळ्यात हडसन्स बे कंपनीची डिस्ट्रिब्युटर ही बोट मॅकेंझीनं खाली गेली आणि थांब्याथांब्यावर इन्फ्लुएन्झा सोडत गेली. डेने लोकांतली दहातली एक तरी व्यक्ती त्यात गेली असा अंदाज आहे. काही ठिकाणी पुरायलाही धडधाकट माणसं उरली नाहीत. डॉक्टर होते, पण शेकडो किलोमीटरला एखादा.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिटल रेड रिव्हर या ठाण्यावर हडसन्स बे कंपनीचा व्यवस्थापक अल्बर्ट लोगन आजारी पडला. फोर्ट व्हर्मिलियनच्या डॉ. हॅरोल्ड हॅमन यांनी तपासलं, घटसर्प निघाला. डॉक्टरांकडचं औषध जुनं आणि अपुरं. आजूबाजूला शेकडो लोक, सगळ्यांना लागण होऊ शकते. जवळची तार कचेरी पीस रिव्हर गावात. दोन माणसं घोडे जुंपलेली बर्फगाडी घेऊन निघाली. ती पोहोचायला दोन आठवडे लागले. १ जानेवारी १९२९ ला तार एडमंटनला गेली, आरोग्य खात्याच्या डॉ. माल्कम बो यांच्याकडं. तोवर लोगन गेला होता.

डॉ. बो यांनी वॉपला विचारलं. वॉप तेव्हा एडमंटनच्या फ्लाइंग क्लबात शिकवायचा. क्लबचं विमान होतं अव्रो एव्हियन. दोन माणसं बसतील एवढंसं, वर छप्पर नाही, खाली चाकं, बर्फावर उतरायच्या स्की नाहीत. बाहेर उणे तिशीची थंडी. सरळ रेषेत मोजलं तरी साडेपाचशे किलोमीटर. उजेड दिवसाचे फार तर सहा-सात तास. आणि एक गोष्ट लोकांना नंतर कळली. १९२४ मध्ये अमेरिकेत एका कारखान्यात काम करताना पोलादाची ठिणगी उडून वॉपच्या उजव्या डोळ्याला इजा झाली होती. त्या डोळ्याची नजर हळूहळू जात होती.

२ जानेवारीला वॉप आणि त्याचा जोडीदार व्हिक हॉर्नर निघाले. औषध गोठलं तर वाया, म्हणून ते घोंगड्यांत गुंडाळून शेजारी कोळशाची शेगडी ठेवली. उघड्या विमानात, पेट्रोलच्या टाकीपासून हाताच्या अंतरावर, जळती शेगडी! व्हायचं तेच झालं, वाटेत घोंगड्या पेटल्या आणि त्या विझवाव्या लागल्या. रस्ता चुकू नये म्हणून खालच्या रेल्वे रुळांवर आणि नदीवर नजर ठेवून उडायचं. पहिला मुक्काम मॅक्लेनन, दुसऱ्या दिवशी पीस रिव्हरला तेल भरलं आणि ३ जानेवारीला दुपारी फोर्ट व्हर्मिलियन. थंडीनं आखडलेल्या दोघांना विमानातून हात धरून उतरवावं लागलं. डॉ. हॅमन औषध घेऊन लगेच पुढं निघाले. साथ पसरली नाही.

६ जानेवारीला हे दोघं एडमंटनला परत आले तेव्हा विमानतळावर सुमारे १० हजार लोक जमले होते. रेडिओवर बातम्या ऐकून ऐकून गाव वेडं झालं होतं. आजच्या भाषेत, वॉप व्हायरल झाला.

इथं एक विचार मनात येतो. लोगनच्या गावातून निरोप निघाल्यापासून औषध पोहोचेपर्यंत जेवढे दिवस गेले, त्यातले विमानाचे दोनच. बाकी सगळे त्या बर्फगाडीचे. शौर्याचं कौतुक झालंच पाहिजे, पण ठरलेल्या दिवशी विमान येणारं गाव असतं, तर शौर्याची वेळच आली नसती. वॉपनं पुढच्या वर्षभरात जे केलं ते बघता त्याच्याही डोक्यात हेच असावं.

त्यानं, हॉर्नरनं आणि साय बेकर या वैमानिक-वकिलानं मिळून कमर्शियल एअरवेज ही कंपनी उभी केली. आधी लॉकहीड वेगा हे बंदिस्त विमान घेतलं, मग बेलांका विमानं. एका बेलांकात पाचेकशे किलो सामान मावायचं. ऐकायला फार वाटत नाही, पण कुत्र्यांची गाडी आठवडे घेणार तिथं हे एका दिवसात.

आणि मग मोठी लॉटरी लागली. सरकारच्या टपाल खात्यानं मॅकेंझी खोऱ्यातल्या विमान-टपालाचं कंत्राट त्यांना दिलं. फोर्ट मॅकमरे ते अक्लाविक, सुमारे २,७०० किलोमीटर. अक्लाविक म्हणजे मॅकेंझीच्या मुखाशी, आर्क्टिक वृत्ताच्याही वर. तिथं विमान आधी गेलं नव्हतं असं नाही. वॉपचा तगडा स्पर्धक पंच डिकिन्स १९२९ च्याच उन्हाळ्यात तिथं जाऊन आला होता. पण आता भर हिवाळ्यात, मधल्या प्रत्येक गावाचं टपाल टाकत जायचं होतं.

१० डिसेंबर १९२९ ला विमानं निघाली. डिसेंबरच का, तर तेव्हा नद्या पक्क्या गोठलेल्या असतात आणि नदी हीच धावपट्टी. पोत्यांच्या पोती टपाल होतं. त्यातला मोठा हिस्सा पहिल्या फेरीचे शिक्के हवे असणाऱ्या, जगभरातल्या तिकीट संग्राहकांनी पाठवलेल्या पाकिटांचा. म्हणजे आर्क्टिकच्या टपालाचा पहिला धंदा दिला तो घरात उबेला बसलेल्या हौशी लोकांनी. मधली सगळी ठाणी घेत २६ डिसेंबरला विमानं अक्लाविकला उतरली. ख्रिसमस एका दिवसानं हुकला, पण तिथं कुणाची तक्रार असायचं कारण नव्हतं.

हे काम रोज कसं चालायचं ते ऐकण्यासारखं आहे.

विमान गोठलेल्या नदीवर उतरलं की पहिलं काम स्कीखाली लाकडाचे ओंडके सरकवायचं. नाहीतर रात्रीत स्की बर्फाला चिकटून बसायच्या. मग इंजिनातलं तेल गरम असतानाच डब्यात काढून घ्यायचं आणि तो डबा झोपडीत चुलीजवळ ठेवायचा. पहाटे इंजिनावर कॅनव्हासची झूल टाकायची, मेकॅनिकनं त्या झुलीत घुसून स्टोव्हच्या ज्वाळेनं इंजिन शेकायचं. तास-दोन तास. झूल पेटली तर विमान गेलं. मग चुलीवरचं गरम तेल ओतायचं आणि इंजिन लगेच सुरू करायचं. नाही झालं तर परत पहिल्यापासून. फोटोत वैमानिक दिसतो, पण कंपनी चालायची ती या मेकॅनिकांच्या भाजलेल्या आणि गोठलेल्या बोटांवर.

हवामान खातं नाही, रेडिओ ठाणी विरळ. चुंबकीय ध्रुव जवळ असल्यानं होकायंत्राचा भरवसा नाही, म्हणून नदी धरून उडायचं. पेट्रोल आधीच्या उन्हाळ्यात आगबोटीनं पाठवून पिंपात साठवलेलं. उन्हाळा आला की स्की काढून पाण्यावर उतरायचे फ्लोट्स लावायचे. आणि वर्षातून दोनदा, बर्फ फुटताना आणि बर्फ धरताना, काही आठवडे काहीच चालायचं नाही. धड पाणी नाही, धड बर्फ नाही. त्या आठवड्यांत गावं पुन्हा आपली एकटी.

जाताना टपाल, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, कधी पाद्री, कधी पोलीस. येताना फरची कातडी आणि आजारी माणसं. १९३० मध्ये ग्रेट बेअर सरोवराकाठी रेडियमचं खनिज सापडलं आणि खाणवाल्यांची रीघ लागली. विमान कंपन्यांना खरा पैसा त्या खाणींनी दिला. तीच खाण पुढं युरेनियमसाठी चालली आणि खनिजाची पोती पाठीवरून वाहणाऱ्या डेने हमालांच्या आरोग्याचं काय झालं, हा प्रश्न तिथल्या लोकांनी दशकं लावून धरला. विमानानं गावाला औषध आणलं हे खरं, आणि गावाखालचं खनिज न्यायला येणारी माणसंही त्याच विमानानं आली. वॉपच्या गौरवाच्या लेखांत हा भाग सहसा नसतो.

धंदा म्हणून कमर्शियल एअरवेज फार टिकली नाही. मंदी आली, स्पर्धा तगडी होती. १९३१ मध्ये विनिपेगच्या जेम्स रिचर्डसन यांच्या कॅनेडियन एअरवेजनं तिला गिळलं. वॉप नव्या मालकाकडं तेच काम करत राहिला.

आणि मग ती दुसरी फेमस गोष्ट. १९३१ च्या शेवटी रॅट नदीकाठी अल्बर्ट जॉन्सन नावाच्या एकलकोंड्या माणसाच्या झोपडीवर पोलीस चौकशीला गेले, त्यानं दारातूनच गोळी झाडली. पुढं महिनाभर तो उणे चाळिशीत पळत राहिला. ३० जानेवारीला त्यानं एडगर मिलन या पोलिसाला ठार केलं आणि वादळात रिचर्डसन पर्वतरांग पायी ओलांडली. फेब्रुवारीत वॉपला बोलावलं गेलं. जॉन्सन कॅरिबू हरणांच्या कळपाच्या वाटेवरून चालून आपली पावलं लपवत होता, ते वरून लक्षात आलं, असं सगळे सांगतात. ते खरंच आहे. पण पोलिसांची मुख्य अडचण वेगळी होती. कुत्र्यांच्या गाडीवरचं अर्धं वजन कुत्र्यांच्याच खाण्याचं. शिधा संपला की पाठलाग सोडून मागं फिरावं लागायचं. वॉपनं विमानातून शिधा पोहोचवायला सुरुवात केली आणि पोलिसांचं मागं फिरणं थांबलं. पुन्हा तेच, मालवाहतूक.

१७ फेब्रुवारी १९३२ ला ईगल नदीवर चकमक झाली, जॉन्सन मेला. सैन्याच्या सिग्नल विभागाचा हर्सी हा सार्जंट गोळीनं जबर जखमी झाला. वॉप तिथंच नदीवर उतरला, त्याला उचललं आणि तासाभरात अक्लाविकच्या दवाखान्यात आणलं. कुत्र्यांच्या गाडीवर तो वाचला नसता. जॉन्सन खरा कोण होता, हे कोडं आजही सुटलेलं नाही.

त्यानंतर डोळ्यानं दगा दिला. तिशीच्या दशकाअखेर वॉपला उडणं सोडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात तो एडमंटनला विमान-निरीक्षकांची शाळा चालवत होता. तेव्हा अमेरिकेची विमानं एडमंटनमार्गे अलास्काला जायची, तिथून रशियाला. जंगलात कोसळली की वाचलेली माणसंही मदतीअभावी मरायची. वॉपनं आपल्या शाळेतल्याच स्वयंसेवकांची पॅराशूटनं उडी मारणारी बचाव टोळी उभी केली. काहींना अमेरिकेत मोंटानाला, वणवे विझवायला उड्या मारणाऱ्या जवानांकडं शिकायला पाठवलं. कॅनडातल्या हवाई बचावाची सुरुवात तिथून धरतात. यासाठी १९४७ मध्ये अमेरिकेनं त्याला मेडल ऑफ फ्रीडम दिलं.

युद्धानंतर तो कॅनेडियन पॅसिफिक एअरलाइन्समध्ये अधिकारी होता. जुन्या छोट्या कंपन्या एकत्र करूनच ही कंपनी बनली होती. २१ जून १९५२ ला अमेरिकेत युटामध्ये, मुलगा डेनीसोबत डोंगर चढत असताना वॉप मे गेला. वय ५६. दफन एडमंटनला झालं.

तो गेला आणि काही वर्षांतच अक्लाविकवर वेगळी वेळ आली. गाव गाळाच्या जमिनीवर, दर वर्षी पुराची भीती, आणि मोठ्या विमानांची धावपट्टी बांधायला जागाच नाही. सरकारनं पन्नाशीच्या दशकात पूर्वेला इनुविक हे नवं शहर वसवलं, पक्क्या धावपट्टीसह, आणि अक्लाविकच्या लोकांना तिकडं हलायला सांगितलं. बरेच गेले. पण बऱ्याच जणांनी हलायला नकार दिला. गाव अजून आहे, सहाशेच्या आसपास वस्तीचं. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून इनुविकला गाडी जाते. बर्फ फुटायला लागला की तो रस्ता बंद होतो आणि टपाल, दूध, औषधं छोट्या विमानानं येतात. भाडं इतकं लागतं की उत्तरेतल्या अशा गावांच्या किराण्यासाठी कॅनडा सरकार २०११ पासून एक अनुदान योजना चालवतं, आणि दुकानातले भाव तरीही का उतरत नाहीत, यावर तिथं दर वर्षी भांडण होतं.